जमिनीखालचं काम

नगरसेवक निधीतून चौकात दिवंगत पतीच्या नावाची कमान उभारा, असं सगळ्यांनीच कुसुम ढवळेंना सुचवलं होतं. त्यांनी मात्र तो निधी गल्लीखालचं पावसाळी गटार रुंद करण्यात घातला.

"ताई, जमिनीखालचं काम मतदारांना दिसत नाही," कार्यकर्ते हळहळले.

ऑगस्टमध्ये दोन दिवस धो धो पाऊस कोसळला. दरवर्षी अशा वेळी घरांत पाणी शिरल्याचे फोन थांबत नसत. यंदा एकही आला नाही, तेव्हा त्या छत्री घेऊन गल्लीत गेल्या. एरवी या दिवसांत सामान माळ्यावर चढवणाऱ्या झुंबरआजी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"यंदा पाऊस कमीच झाला गं," आजी म्हणाल्या.

कुसुमताईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते गिळून त्या आजींशेजारी टेकल्या.

"हो आजी, कमीच झाला," म्हणत त्याही तांदूळ निवडू लागल्या.