तीन महिन्यांच्या बोलीवर

"अकरा नंबरचा पलंग तुम्ही आवरलात?" मुख्य परिचारिकेने विचारलं.

सिस्टरने मान खाली घातली. चादर ताणून, चारही कोपरे गादीखाली घट्ट खोचून तिने पलंग अगदी शिकवल्याबरहुकूम लावला होता. यात बोलणी खाण्यासारखं काय होतं, देव जाणे.

"छान आवरलाय. पण ते तुमचं काम नाही. चला, टॉवेल आलेत. घड्या घालायच्या ना?"

मुख्य परिचारिका मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायची. इथे सगळेच तसे बोलायचे. भाषा परकी असली की माणसाला बहिरं समजायची जगाची रीतच आहे.

सिस्टरला या परक्या मुलखात येऊन अडीच महिने झाले होते. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जमलं तर ठेवणार, नाहीतर परत पाठवणार. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण हिचे तर नऊही गोड गेले नाहीत.

वॉर्डात सगळे पेशंट म्हातारे. त्यांच्या औषधांना तिला हात लावू देत नसत. किल्ली नाही, बाहेरच्या दाराच्या कुलपाचा आकडा सांगत नाहीत, जेवायला पेशंटच्याच टेबलावर. रोज सकाळी दोन गोळ्या मात्र समोर उभं राहून गिळायला लावायच्या. नव्या माणसाला इथलं पाणी बाधत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. गुडघ्यांना तर इथली थंडी बाधलीच होती.

आणि ते टॉवेल! काल घडी घातलेले टॉवेल आज पुन्हा चुरगळून समोर. कोपऱ्यातला निळा डागही तोच. आपली परीक्षा घेताहेत, हे तिला कळत होतं. ती पुन्हा घड्या घालायला बसली. गरजवंताला अक्कल नसते.

गरज होती ती लेकीसाठी, छकुलीसाठी. निघाली तेव्हा चार वर्षांची पोर सासूबाईंच्या कडेवरून हात पसरून रडत होती. "तीन महिन्यांत तुला बोलावते," असा शब्द देऊन सिस्टर पाठ न वळवता मागे मागे चालत फाटकापर्यंत गेली होती. ते रडणं अजून कानांतून जात नव्हतं. इथे टिकली नाही, तर कुठल्या तोंडाने त्या पोरीसमोर उभी राहणार होती?

एक आधार होता, तो रविवारचा. त्या दिवशी नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या ताई यायच्या. पिकलेले केस, चष्मा, आणि बोलणं अस्सल आपलं. वयाने मोठ्या, म्हणून एकेरीच हाक मारायच्या. सिस्टरला ते बरंच वाटायचं.

"जेवलीस का? पाय दुखतात अजून?"

"पायांचं राहू द्या, ताई. माझं पत्र टाकलंत?"

"टाकलं. मिळालं तिला," ताई म्हणाल्या. "वाचून खूप रडली."

"अहो, तिला कुठे वाचता येतंय! सासूबाईंनी वाचून दाखवलं असेल," सिस्टर हसली. मग तिचा चेहरा उतरला. "ताई, मला ठेवतील ना हो? तुम्ही शब्द टाका. मी कामाला कमी पडणार नाही."

ताईंनी पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधलं.

तीन महिने भरले त्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. सिस्टरने केस चापून बसवले, पदर पिन लावून नीट केला. खुर्चीत ताई आधीच बसल्या होत्या. टेबलावर कागद होते.

मुख्य परिचारिका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "आम्ही सगळ्यांनी विचार केला. तुम्ही आता इथेच राहायचं. कायमचं."

सिस्टरने डोळे मिटले, हात जोडले. ताई सही करत होत्या. एकेका अक्षराला थांबत होत्या, जणू लिहायलाच विसरल्या होत्या.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" सिस्टरने त्यांचा हात धरला. "आता एवढं एकच करा. माझ्या छकुलीला घेऊन या. मी तिला शब्द दिलाय हो. वाट बघून बघून पोर खंगेल."

ताईंनी चष्मा काढला. त्या खुर्चीवरून उठल्या आणि सिस्टरच्या पायांशी जमिनीवर बसल्या.

"तेव्हाच आणलं होतंस की गं मला, आई," त्या म्हणाल्या. "बरोब्बर तीन महिन्यांत."