सुरुवातीची नावं

"त्या कार्टूनच्या सुरुवातीला माझं नाव होतं," असं आई चाळीस वर्षं सांगत आली होती आणि ऐकणारे गालातल्या गालात हसत आले होते. कार्टून थिएटरात दुसऱ्यांदा लागलं, तेव्हा कंपनीने चित्रं काढणाऱ्यांची नावं कापून टाकली आणि तिथे फक्त स्वतःच्या नावाची नवी पाटी जोडली. "कुठल्या नतद्रष्टाने कात्री चालवली कोण जाणे," असं म्हणत बाबा मरेपर्यंत तिची समजूत काढत राहिले.

आज ते मूळ रीळ दुरुस्तीसाठी नेमकं लेकीच्याच टेबलावर आलं. फिल्म जोडायचं काम तिला बाबांनीच शिकवलेलं; ते त्याच कंपनीत हेच काम करायचे. जोड दिला की कोपऱ्यात सुईने दोन बारीक रेघा ओढायच्या. आपल्या कामावर आपली खूण हवीच, हा त्यांचा हट्ट. साऱ्या कंपनीत ही खोड त्यांची एकट्याचीच.

आई मागे स्टुलावर श्वास रोखून बसली होती. पाटी संपते तिथे लेकीने रीळ थांबवलं, जोडावर भिंग धरलं. तिने पटकन भिंग बाजूला ठेवलं.

"नावं गेलीत गं आई," ती कशीबशी म्हणाली. "कुणी कापली, तेही आता कळायला मार्ग नाही."

आई स्टुलावरून उठून टेबलापाशी आली.



"का? कोपऱ्यात दोन रेघा नाहीत?"