भिंतीपलीकडचा टक्

भिंतीवर टक् झालं आणि तिने हात थांबवले.

एक टक् म्हणजे घाई झाली. दोन म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. हा कायदा वडिलांनी ती शाळेत असताना केला होता. आता ती चाळिशीला टेकली, नोकरीमुळे वेगळी राहू लागली, तरी संध्याकाळी सरावाला इथेच यायची आणि कायदाही तोच होता.

ड्रमवर रबरी चकत्या होत्या, मोठ्या ड्रमच्या पोटात जुनी रजई कोंबलेली. शेजाऱ्यांशी झालेला तह. त्यामुळे खोलीत नुसता काठ्यांचा टपटपाट चाले आणि बैठकीच्या खोलीतून आलेला टक् स्वच्छ ऐकू येई. वडिलांच्या बोटातल्या अंगठीचा तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता. एकाच बैठकीत तीन घराणी: आधी जॅझ, मग सोल, शेवटी ब्राझीलचा सांबा. जॅझमध्ये तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. सोलमध्ये ठोका किंचित मागे रेलावा लागतो, भरपेट जेवून उठलेल्या माणसासारखा. तेही तिला जमलं होतं. अडत होतं ते सांब्यात.

"ताई, सांबा आला की तू दावं तोडलेल्या वासरासारखी सुटतेस," बँडप्रमुख म्हणाला होता. "या वेळी सुटलीस तर मला दुसरा ड्रमर बघावा लागेल."

तिने सांबा पुन्हा धरला. पाय दुडक्या चालीने, वर हात भरभर. शेवटपर्यंत टक् आला नाही.

ती बाहेर आली. वडील खिडकीपाशी आरामखुर्चीत पेपर वाचत होते. आई भिंतीलगतच्या स्टुलावर, बोटात अंगुस्तानाची पितळी टोपी घालून, कुणाच्या तरी पँटची मोहरी दुमडत होती.

"बाबा, कसं झालं?"

पेपर हलला नाही.

"पेपर हातात असला की यांच्या कानाशी तोफ डागा," आई म्हणाली. मग उठून वडिलांसमोर गेली. "अहो, ती विचारतेय, कसं झालं."

वडिलांनी आईच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं. "सुरुवातीला पळालीस. नंतर सांभाळलंस."

"शाब्बास तरी म्हणा."

"शाब्बास कार्यक्रम झाल्यावर."

"मला बाई यातलं काही विचारू नका," आई म्हणाली. "मला आपलं शिलाईचं मशीन कळतं."

"तुला कोण विचारतंय, आई," ती हसत म्हणाली.

"मग बरं आहे." आईने दाताने धागा तोडला. "जाताना दार नीट ओढून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. स्टुलावर बसल्याबसल्या. सुईत धागा ओवलेला होता.

बँडप्रमुखाने फोन केला. "ताई, या वेळी राहू दे. मी कुणाला तरी बसवतो."

"मी वाजवणार आहे."

"सांबासुद्धा?"

"सांबासुद्धा. ताल सांगायला बाबा आहेत."

पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी ती सरावाला आली. इतकी वर्षं बेल वाजली की आई दार उघडायची. आज तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. "आले हो बाबा," ती म्हणाली. वडील खिडकीकडे तोंड करून बसले होते, पेपर चेहऱ्यासमोर. त्यांनी उत्तर दिलं नाही. तिनेही ताणलं नाही. ती सरळ आत गेली आणि काठ्या उचलल्या.

जॅझ पाण्यासारखा वाहिला. सोल नीट रेलला. मग सांबा. मधेच तिला वाटलं, पळतेय. तिने टक्‌ची वाट पाहिली. आला नाही. म्हणजे पळत नसेन. पण तिचा पाय तिला खरं सांगत होता.

मग तिने मुद्दाम लगाम सोडला. पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यानेही कानांवर हात ठेवावेत, असा सांबा हाणला.

भिंत गप्प.

बाबांनी आशा सोडली, तिला वाटलं. आईबरोबर तेही मनाने उठून गेले. तिने काठ्या ठेवल्या. त्यांना हलवून जागं करायचं, आपल्यासाठी नाही तर कार्यक्रमासाठी, असं ठरवून ती बाहेर आली आणि खुर्चीसमोर उभी राहिली.

पेपरवर तिची सावली पडली. वडिलांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? जा, बस वाजवायला. मी ऐकतोय."

त्यांना दिसेल अशी तिने मान हलवली. खुर्चीपासून सरावाच्या खोलीची भिंत चांगली चार हात दूर होती. भिंतीलगत स्टूल, स्टुलावर अंगुस्तान. आणि त्याच्या वर, बसलेल्या बाईचा हात पोचेल तितक्या उंचीवर, गिलाव्यात बारीक गोल खळगे पडले होते, एकात एक मिसळलेले.

ती स्टुलापाशी जाऊन उभी राहिली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "कसं झालं?"