सात तुकड्यांचा शब्द

शहाऐंशी साली राणीसावरगावची दैवशाला बारावी झाली. लांबलचक इंग्रजी शब्दाचे तुकडे किती, जोर कोणत्या तुकड्यावर, मूळ शब्द कोणता आणि त्याला जोडलेलं शेपूट कोणतं, हे ती वर्गात सगळ्यांच्या आधी सांगायची. तिला परभणीला बी.ए. करायचं होतं. वडील आप्पाराव म्हणाले, "हे स्थळ जुळलं न्हाई, तरच कॉलेज."

पाहुणे येलदरीहून आले. मुलगा वाल्मीक तिथल्या वीजघरात कामाला होता. त्याचे वडील किशनराव यांनी एक छापील कागद पुढं केला. "ह्यो मोठा शब्द वाच बरं, पोरी."

हायड्रोइलेक्ट्रिसिटी. सात तुकडे, जोर पाचव्यावर. 'हायड्रो' म्हणजे पाणी, हेही तिला ठाऊक होतं.

ती मुद्दाम अडखळली. "हिड्रो... लेक्टी... मला न्हाई येत."

आप्पारावांची मान खाली गेली. दैवशालानं पदराआड सुटकेचा श्वास सोडला.



किशनराव खुशीत हसले, "पसंत हाय पोरगी! आमच्या वाल्मीकची इंग्रजीपायी धावी निघाली न्हाई, त्याच्याहून हुशार सून नको आमाला. मागच्या दोघींनी घडाघडा वाचला, म्हून तर नाकारल्या."