गाडीभाडं मंजूर

“त्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?” अ‍ॅडव्होकेट पुनम खोब्रागडेनं विचारलं.

“काय वाटाचं, बाई?” जेलच्या जाळीपलीकडून सोमाजी निवांतपणे म्हणाला. “देवराव सोताच माया दारात आला. धुऱ्याचं, वावराच्या बांधाचं भांडण होतं, बोलचाल बंद होती. पन दारात आलेल्याले नाई कसं म्हनाव? पाच मिनिटाचं काम. थोडा ओरडला, मंग शांत झाला.”

पुनमनं वही मिटली. अशिलाकडून नको तेवढं ऐकून घेऊ नये, हे ती वकिलीच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. आणि हा साठीचा म्हातारा तर विचारलं त्याहून जास्तच सांगायच्या बेतात दिसत होता.

फाइल तिला पाठ झाली होती. देवराव डोंगराच्या कड्याखाली मेलेला सापडला. उंचावरून पडून किंवा कोणी ढकलल्यानं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं; म्हणजे डॉक्टर दोन्हीकडून मोकळे. डोकं फुटलेलं. उजव्या पायाच्या तळव्याला एक बारीक जखम आणि तिच्यावर कसलासा चिकट लेप. त्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं. साक्षीदार एकही नाही. सगळा खटला उभा होता तो दंडाधिकाऱ्यांपुढे सोमाजीनं दिलेल्या कबुलीवर: “होय, मी देवरावचा काटा काढला. त्याचाच काय, अर्ध्या गावाचा काढला.”

सोमाजी बोलला होता ‘काढलो’. लेखनिकानं तेवढं व्याकरण सुधारून घेतलं.

या ‘अर्ध्या गावा’नंच घात केला होता. पोलिसांनी वीस वर्षांत बेपत्ता झालेल्या माणसांच्या जुन्या फायली उपसल्या. हाती काही लागलं नाही, पण सरकारी वकिलाला जोर चढला. असा निर्ढावलेला माणूस, पश्चात्तापाचा लवलेश नाही, फाशीच हवी, असं तो टेबलावर हात आपटून सांगत होता. आधीचा फुकटचा वकील सोमाजीला कोर्टाच्या व्हरांड्यात एकदाच भेटला आणि “कोर्टात विचारल्याशिवाय बोलू नका” एवढा सल्ला देऊन गेला. सोमाजीनं तो इमानदारीनं पाळला. कोर्टानं विचारलं, काटा काढला का? तो म्हणाला, हो. पुढचं कोणी विचारलंच नाही.

मग सरकारनं निधी काढला. ज्या खटल्यात फाशी होऊ शकते, तिथं गरिबालाही धड वकील मिळावा, त्या वकिलानं नीट तपास करावा, यासाठी. केस पुनमकडे आली. तिनं आरोपीच्या गावी जायला अर्ज केला. बारा कागद, तीन शिक्के आणि एका महिन्यानंतर उत्तर आलं: ‘गाडीभाडे मंजूर. पायी केलेल्या प्रवासाचे भाडे मिळणार नाही.’

तालुक्याच्या जिवतीपुढे डांबर संपलं आणि मंजूर झालेली गाडी गावाच्या अलीकडच्या नाल्यात रुतून बसली. पुनम कोर्टाच्या चपला घालून चालू लागली. सोमाजी निर्दोष सुटेल, अशी तिला आशाच नव्हती. चार माणसं त्याच्याबद्दल बरं बोलली, तर निदान फाशीची जन्मठेप होईल, एवढाच तिचा हिशोब. म्हाताऱ्याचा जीव तेवढा वाचायला हवा होता.

गाव बरं बोललं. नको तितकं बरं बोललं. “लय कामाचा मानूस,” पारावरचे गुणवंतराव म्हणाले. “कोनी बलावलं का हातचा घास टाकून जाये. त्याच्यावाचून गावाचं अडून राह्यलं.” पुनमनं लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, हे कोर्टात वाचलं तर दोनदा फाशी होईल.

शेवटी ती सोमाजीच्या बायकोकडे, रुखमाबाईकडे निघाली. फाइलमध्ये रुखमाबाईचा जबाब एकाच ओळीचा होता: ‘भांडण होते.’ वाट बांधावरून, बाभळींच्या खालून जात होती. अंगणात पाऊल टाकणार तोच चपलेतून काहीतरी कचकन आत गेलं. पुनमची किंकाळी निघाली. ती मटकन खाली बसली. एवढी शिकलेली, काळ्या कोटातली बाई, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

रुखमाबाई धावत आली. तिनं पुनमचा पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवून पाहिला आणि ती चुकचुकली. कुंपणाजवळच्या रुईचं पान तोडून त्याचा चीक तिनं तळव्याला लावला. पांढरा, चिकट लेप. पुनम रडता रडता थांबली आणि त्या लेपाकडे बघत राहिली.

“काई नाई होत, बाई,” रुखमाबाई म्हणाली. “देवरावचा तं याच्याऊन मोठा होता. तरी बुढ्यानं रुईचा चीक लावला, सुई घेतली, अन् पाच मिनिटात मोकळा केला. हासत चालत गेला इथून. कड्याकडची वाट काऊन धरली, देव जाने.”

“हे… हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही?”

“त्यायनं भांडनाचंच इचारलं. मी तेच सांगतलं.” रुखमाबाईनं पाय पुन्हा उजेडात धरला आणि हताशपणे मान हलवली. “पन आता तुमचा काटा कोन काढन, बाई? साऱ्या गावाचा काढनारा एकच होता, त्यालेच तुमी लोकायनं जेलात टाकलं.”