रैनीची पट्टी

रैनीच्या नावापुढे फोनवर सहाही खुणा हिरव्या होत्या. मलेरियाचा प्रत्येक डोस पोटात विरघळल्याचं तिच्या मनगटावरच्या पट्टीनेच कळवलं होतं. तरी आठवड्याने पोरगी पुन्हा तापाने फणफणली होती. आशाताई वनिताचा विश्वास बसेना.

“सगळ्या गोळ्या हिनेच खाल्ल्या?”

रैनीची आई जंगी खाली बघत म्हणाली, “चार डोस घेतले न् खेळायला लागली, ताई. मग हिच्या भावाला, लालसूला ताप आला. नाला भरलेला, तुम्ही कुठून येणार? उरलेल्या त्याला दिल्या. पट्टीपण त्यालाच बांधली. खूण हिरवी झाली नसती तर तुम्हाला घोर लागला असता.”

वनिताने दोघांचं रक्त तपासलं. दोघांनाही मलेरिया होता. सोबत आणलेल्या औषधपेटीत तिने लालसूचं नाव टाकलं, तसं पेटीने लगेच गोळ्यांचं पाकीट सोडलं. रैनीचं नाव टाकल्यावर पेटी म्हणाली, “उपचार पूर्ण. रुग्ण बरा.”

गोळ्या कोणी साठवू नयेत म्हणून एका मुलाला मोसमात एकच पाकीट मिळत असे. वनिताने परवानगीसाठी तालुक्याच्या दवाखान्याला तीनदा फोन लावून पाहिला. लागला नाही. आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

शेवटी तिने पेटीत स्वतःच्या मुलीचं नाव टाकलं. तिचं मोसमातलं एकमेव पाकीट बाहेर आलं. नवी पट्टी तिने रैनीच्या मनगटावर बांधली.

“बरं वाटलं तरी सगळ्या हिलाच द्यायच्या,” ती म्हणाली आणि झपाझप नाल्याकडे निघाली.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तिने मुलीच्या कपाळाला हात लावला.