पाणवठ्यावरचा फोटो

पुढच्या आठवड्यात नाओमी रोहा सोडून कायमची इस्रायलला जाणार होती. जाण्याआधी फणसाडच्या जंगलात सांबर बघायचंच, म्हणून ती बाबांसोबत मुक्कामी भटकंतीला आली. दिवसभर वाटाड्यामागून चालून पायांचे तुकडे पडले आणि रात्री मचाणावर गटातल्या सोबत्यांच्या गाण्याच्या भेंड्या थांबेनात. पाणवठ्यावर चिटपाखरूही फिरकलं नाही. पहाटे बाकीचे सगळे पेंगले, तेव्हा कुठे सांबराची मादी पिलासह पाण्यावर आली. नाओमीने श्वास रोखला. तेवढ्यात शेजारी फ्लॅश लखलखला आणि मायलेकरं झाडीत पसार झाली. बाबांच्या हातात कॅमेरा होता. "काय हे बाबा! एका फोटोपायी सांबर घालवलंत!" ती कडाडली. "सांबराचा नाय गो," बाबा ओशाळले, "तुझा. आ वासून बघत होतीस, लहानपणासारखी. तिकडं गेलीस की अशी कुठं दिसणार?" नाओमीला धड रागावताही येईना. "डोळे मिटले असतील माझे," ती फणकारली, "परत काढा."